‘मोयामोया’ : बालकांच्या मेंदूचा एक विकार व त्यावरील शस्त्रक्रिया

हवेंत सोडलेला चिरुटाचा धूर जसा अस्पष्टपणें तरंगत राहतो, तशा अंधुक, धुरकट वस्तूस जपानी भाषेंत ‘मोयामोया’ असें म्हणतात. हा शब्द एका रोगाचें नांव होऊन बसला आहे, हें वाचून कित्येकांस नवल वाटेल. १९५७ सालीं ताकेउची व शिमिझु ह्या जपानी वैद्यांनीं ह्या विकाराचें प्रथम वर्णन केलें, व १९६९ सालीं सेंदाई येथील तोहोकु विश्वविद्यालयांतील जिरो सुझुकी आणि अकिरा ताकाकु यांनीं त्यास हें नांव दिलें. क्ष-किरणांनीं घेतलेल्या चित्रांत मेंदूच्या तळाशीं बारीक रक्तवाहिन्यांचा असाच एक धुरकट पुंजका त्यांस दिसला होता.

हा धूर म्हणजे खरा रोग नव्हे. मानेच्या दोहों बाजूंनीं एक एक मोठी रोहिणी, म्हणजे शुद्ध रक्त नेणारी वाहिनी, कवटींत शिरते. तिला जेथें फांटे फुटतात, तेथें ह्या रोगांत ती आंतून जाड होत होत अरुंद होते, आणि बहुधा दोन्ही बाजूंस होते. रक्त अपुरें पडूं लागलें कीं शरीर आपली सोय आपणच पाहतें. आजूबाजूच्या केसासारख्या वाहिन्या वाढवून कसेंबसें काम भागवितें. तोच हा धूर. रोहिणी कां आकसते ह्याचा पूर्ण उलगडा झालेला नाहीं. २०११ सालीं जपानी संशोधकांस एका विशिष्ट जनुकांतील फरकाशीं ह्या रोगाचा संबंध आढळला. तरी तो फरक असलेल्या बहुतेकांस रोग होत नाहीं. जपान, कोरिया व चीन ह्या देशांत हा विकार अधिक दिसतो. इतरत्र, आपल्या देशांतही, असे रुग्ण आढळतात. मुलांपेक्षां मुलींत तो जास्त.

आतां लहान वयांत हा रोग कसा प्रकट होतो तें पहावें. पांचसहा वर्षांचें मूल हट्टानें मोठमोठ्यानें रडत असतें. रडतां रडतां त्याचा एक हात लुळा पडतो, हातांतलें खेळणें गळतें, किंवा जीभ जड होते. थोड्या मिनिटांत सर्व पूर्ववत् होतें, व मूल खेळावयास निघून जातें. जपानांत शेवयांच्या कढत सारावर फुंकर घालतांना, किंवा बासरी अथवा हार्मोनिका वाजवितांना अशी अवस्था झालेल्या मुलांच्या हकीकती वैद्यांस चांगल्या परिचयाच्या आहेत. रडणें, फुंकणें आणि बासरी वाजविणें यांत साम्य कोणतें? तिहींत श्वास जोरानें बाहेर टाकला जातो. त्यायोगें रक्तांतील कार्बन डायॉक्साइड वायु कमी होतो, आणि तो कमी झाला कीं मेंदूंतील रोहिण्या आकुंचन पावतात. निरोगी माणसास फार तर घेरी आल्यासारखें होईल. पण ज्या मेंदूचा पुरवठा आधींच काठावर आलेला आहे, त्याचा तेवढा भाग क्षणभर उपाशी पडतो, आणि त्या भागाच्या ताब्यांतील हात किंवा पाय थांबतो.

हें ‘पूर्ववत् होणें’च घातक आहे. कोणी त्यास ढोंग म्हणतो, कोणी मुलाची दृष्ट काढतो, आणि दुसऱ्या दिवशीं घरांतील सर्वांस त्याचा विसर पडतो. परंतु एखादे दिवशीं लुळा पडलेला हात परत येत नाहीं. मेंदूचा जो भाग मेला, त्यास जगांतील कोणताही शस्त्रवैद्य जिवंत करूं शकत नाहीं. जो वांचला आहे तोच राखावयाचा असतो. म्हणून असा प्रकार एकदां जरी घडला, तरी तो कोणत्या बाजूस, किती वेळ व काय करीत असतां घडला, हें लिहून ठेवून त्याच दिवशीं वैद्यास दाखवावें. (वर्गांत एखाद्याच्या हातांतून लेखणी अशी गळाली, तर विद्यार्थ्यांनींही हंसण्याआधीं शिक्षकांस सांगावें.) रोग विरळा आहे, प्रत्येक रडव्या मुलाच्या आईनें धास्ती घेण्याचें कारण नाहीं. एम्. आर्. आय्. यंत्राच्या चित्रांवरून बहुधा निकाल लागतो.

आकसलेली रोहिणी मोकळी करील असें औषध अद्याप नाहीं. रक्ताची गुठळी होऊं नये म्हणून आस्पिरिन देतात, इतकेंच. शस्त्रक्रियेनें ती नळी उघडीत असतील, असें वाचकांस वाटेल. पण शस्त्रवैद्य तिला हातही लावीत नाहीं. तो दुसरीकडून पाट आणतो. कानाच्या किंचित् पुढें बोट टेंकून पाहिल्यास एक नाडी उडतांना लागते. ती टाळूच्या कातडीकडे जाणारी रोहिणी होय. कातडीस रक्त देणाऱ्या वाहिन्या इतर पुष्कळ असल्यामुळें ती हिला सोडूं शकते. १९६७ सालीं झुरिच येथें याशारगिल यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं हिचें टोंक मेंदूवरील रोहिणीस शिवून दाखविलें. ह्या रीतीनें रक्त ताबडतोब मिळतें. परंतु लहान मुलांच्या ह्या वाहिन्या कित्येकदां एक मिलिमीटरहूनही बारीक असतात, व शिवण साधणें अवघड जातें.

तोकियो येथील योशिहारु मात्सुशिमा यांनीं मुलांकरितां निराळी युक्ति काढली व ती १९८१ सालीं प्रसिद्ध केली. ती समजण्यास कोंकणांतील आंब्याचें भेटकलम आठवावें. तेथें कुंडींतील रोपाची व झाडाच्या फांदीची साल तासून दोन्ही जवळ बांधतात. दोहोंचीं मुळें शाबूत असतात, आणि कालांतरानें त्यांचा सांधा जुळतो. त्याचप्रमाणें ही रोहिणी न तोडतां, तिच्या भोंवतालच्या पातळ पट्टीसह सोडवून घेतात. कवटीच्या हाडाची एक खिडकी काढून मेंदूचें जाड आवरण उघडतात, व वाहती रोहिणी तेथें ठेवून तिची पट्टी आवरणाच्या कडांस शिवतात. बॉस्टन येथील बालरुग्णालयांतील मायकेल स्कॉट यांनीं आणखी एक पाऊल टाकलें. कोळ्याच्या जाळ्यासारखें आंतलें आवरणही ते उघडीत, आणि केसाहून बारीक धाग्यानें रोहिणी प्रत्यक्ष मेंदूच्या पृष्ठभागास टांचीत. नंतर हाड जागच्या जागीं बसवितात. पुढचें काम मेंदूचें. उपाशी मेंदूंतून जीं रसायनें स्रवतात, त्यांच्या योगें ह्या रोहिणीपासून नवे अंकुर फुटून आंत उतरतात. ज्या मेंदूस रक्ताची वाण नाहीं, तेथें हें कलम नीट धरत नाहीं! फळ येण्यास मात्र कांहीं महिने लागतात.

तोंवरचा काळ नाजूक. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रींपासून शिरेंतून पाणी देतात, कारण शरीरांतील पाणी आटलें तर रक्तप्रवाह मंदावतो. भूल देणारे वैद्य रक्ताचा दाब व तोच कार्बन डायॉक्साइड वायु खालीं उतरूं नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. मागाहून दुखणें आवरतात, तें केवळ दयेपोटीं नव्हे. मूल रडूं नये म्हणून. आईची मांडी येथें खरोखर औषधांत गणली जाते.

स्कॉट व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं १४३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांस शस्त्रक्रियेपूर्वींच पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत ११ जणांस झटका आला. ही जोखीम आईबापांपासून लपवूं नये. उलट, वर्षाहून अधिक काळ ज्यांच्यावर नजर ठेवतां आली, अशा १२६ जणांपैकीं पुढें केवळ चौघांस तो आला.

वर्षभरानें पुन्हां चित्र घेतात. मोठी रोहिणी अरुंद ती अरुंदच असते, कधीं पूर्वींहूनही अधिक. पण टाळूवरून आणलेल्या रोहिणीस मेंदूवर नव्या फांद्या फुटलेल्या दिसतात, आणि शरीरास आतां त्या तळच्या वाहिन्यांची गरज न उरल्यामुळें तेथील धूर विरळ झालेला असतो.