‘दिवाळीपर्यंत होईल’चं गणित

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत कुणी घर बांधायला काढलं की शेजारीपाजारी विचारणारच, “राहायला कधी जाणार?” उत्तरही ठरलेलं, “दिवाळीपर्यंत.” कोणती दिवाळी, हे कुणी खोदून विचारत नाही. धरण, पूल, महामार्ग अशा कामांवर मात्र याच उत्तरासाठी पगारी माणूस असतो. साइटवर त्याला प्लॅनिंग इंजिनिअर किंवा शेड्यूलर म्हणतात. तो नेमकं काय करतो, याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत.

‘तो तारखा लिहितो’

तारखा शेवटी येतात. आधी तो कोणतं काम कशावाचून अडतं, याची साखळी मांडतो. 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी या साखळीला गणिताची शिस्त लावली. तीच पद्धत आज क्रिटिकल पाथ मेथड म्हणून ओळखली जाते. साखळ्यांमधली सगळ्यात लांब साखळी कामाची एकूण मुदत ठरवते.

घराचंच घ्या. पाया, प्लिंथ, कॉलम, स्लॅब, सेंट्रिंग काढणं, गिलावा, फरशी ही कामं एकामागूनच होणार. खिडक्यांच्या ग्रिल बाजूला तयार होत राहतात. समजा वेल्डरला 20 दिवस लागतात आणि ग्रिल 35 दिवसांनी बसवायच्या आहेत, म्हणजे 15 दिवस हाताशी आहेत. यालाच फ्लोट म्हणतात. वेल्डर 10 दिवस लांबला तरी काही बिघडत नाही. सेंट्रिंगच्या प्लेटा 2 दिवस उशिरा आल्या, तर वास्तुशांत 2 दिवस पुढे गेलीच. आपण मात्र नेमके वेल्डरवर ओरडत बसतो, कारण तो गावातच सापडतो.

‘माणसं दुप्पट लावा, निम्म्या दिवसांत होईल’

पाया खोदताना हे थोडंफार चालतं, काँक्रीटपुढे नाही. भारतीय मानक 456 प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू 7 दिवस ठेवायचे, त्याहून मोठा असेल तर 14 दिवस. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत 14 दिवस, त्यापुढे 21. दुकानात सर्रास मिळणाऱ्या पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटला याहून जास्त सवड द्यावी लागते, आणि पाणी मारणं किमान 10 दिवस. परभणीच्या मे महिन्यातल्या उन्हात तर त्यात काटकसर नकोच. वीस मजूर जास्तीचे आणले तरी ते स्लॅबकडे बघत बसतील.

‘पावसाने घोटाळा केला’

पाऊस दरवर्षी जूनमध्येच येतो. त्याला अचानक कसं म्हणायचं? खरी अडचण आपल्या काळ्या जमिनीची आहे. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्यायचा असतो. पावसात त्याच खड्ड्यात पाणी भरतं आणि खडीचा ट्रक शेतरस्त्यावर रुततो.

सरकारी निविदांच्या जाहिरातींत मुदतीपुढे अनेकदा ‘पावसाळा धरून’ असं छापलेलं असतं. शेड्यूलर आधी हे दोन शब्द वाचतो. मुदत नऊ महिने असेल आणि काम फेब्रुवारीत सुरू झालं, तर पायासाठी चार कोरडे महिने मिळतात. जूनमध्ये सुरू झालं, तर मुदत तेवढीच आणि पाया नेमका चिखलात. शिवाय सोयाबीन काढणी, कापूस वेचणी आणि ऊसतोड लागली की मजूर तिकडे जातात. दिल्लीच्या कार्यालयात बनवलेल्या तक्त्यात ही सुगी नसते. चांगला शेड्यूलर ती मुकादमाला विचारून घेतो.

‘नव्वद टक्के झालं, म्हणजे संपलंच’

समृद्धी महामार्ग एकूण 701 किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. मार्च 2024 पर्यंत इगतपुरीपर्यंतचे सुमारे 625 किलोमीटर, म्हणजे जवळपास नव्वद टक्के रस्ता वापरात होता. उरलेले 76 किलोमीटर 5 जून 2025 रोजी खुले झाले, तब्बल पंधरा महिन्यांनी. कारण त्या तुकड्यात सह्याद्रीतला सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आणि दऱ्यांवरचे उंच पूल होते. टक्केवारी लांबी मोजते, अवघडपणा मोजत नाही. म्हणून मुरलेला शेड्यूलर किती झालं यापेक्षा किती दिवसांचं उरलं, हे आधी सांगतो.

‘प्रायमाव्हेरा आहे ना, संगणक सांगेल’

प्रायमाव्हेरा हे वेळापत्रक बनवायचं सॉफ्टवेअर. पण संगणक फक्त बेरीज करतो. दोन कामांमधलं अवलंबन चुकीचं भरलं, तर चुकीची तारीखही तो सुबक रंगांत छापून देतो.

‘उशीर झाला, म्हणजे शेड्यूलर नापास’

जमिनीचा ताबा, वाळूचा पुरवठा, विजेचे खांब हलवणं, अडकलेलं बिल यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. तो फक्त वेळेत सांगू शकतो, आणि लिहून ठेवू शकतो. हे लिहून ठेवणं वाटतं तेवढं किरकोळ नाही. मुदतवाढ द्यायची की दंड लावायचा, यावर वाद लवादापर्यंत गेला की मूळ वेळापत्रक आणि त्यातले दर महिन्याचे फेरफारच पुरावा म्हणून बाहेर येतात. खांब मार्चमध्ये हलायचे होते आणि जुलैमध्ये हलले, ही नोंद त्याच वेळी केली नसेल, तर नंतर कितीही पोटतिडकीने सांगितली तरी ती सिद्ध करणं जड जातं. मोठे ठेकेदार या कामावर पैसे खर्च करतात ते यासाठीच. घर बांधणाऱ्याला एक वही पुरते: स्लॅब कधी टाकला, टेकू कधी काढले, गवंडी कोणत्या दिवशी आलाच नाही.