बदलांचा भार आणि आपला सेवकवर्ग

रुग्णालयाचा लौकिक इमारतीपेक्षा व यंत्रसामग्रीपेक्षा सेवकवर्गाच्या हातांवर अधिक अवलंबून असतो, हे आपण सारे जाणतो. परंतु ज्या सुधारणांमुळे रुग्णालय प्रगत होते, त्याच एकापाठोपाठ एक आल्या की ते हात थकतात, याचा विचार क्वचितच होतो. दाते, विश्वस्त व रुग्णांचे आप्त यांच्यापुढे हा विषय मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वसई-विरारमधील रुग्णसेवेने थोड्या वर्षांत किती बदल पाहिले! जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा पालघर जिल्हा अस्तित्वात आला. २०१६ च्या नियमांनी जैववैद्यकीय कचऱ्याची पिवळा, लाल, पांढरा व निळा अशी विभागणी ठरवली व पिशव्यांवर बारकोड आला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराने खरेदीच्या हिशेबाची पद्धत बदलली. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना सुरू झाली आणि २०२० मध्ये कोविडची साथ आली. तेव्हा तर उपचारांच्या सूचना वारंवार बदलत होत्या. प्रत्येक बदलामागे सबळ कारण होते. मात्र वेगवेगळ्या कार्यालयांतून निघालेले हे बदल अखेर पोहोचतात ते त्याच परिचारिकेपर्यंत आणि त्याच लेखनिकापर्यंत.

कामाचा भार आणि बदलाचा भार यांत फरक आहे. सरावाचे काम हात आपोआप करतात, त्यामुळे मन रुग्णाकडे मोकळे राहते. पद्धत बदलली की साध्या नोंदीसाठीही थांबून विचार करावा लागतो. रुग्णसंख्या तेवढीच असूनही थकवा वाढतो, तो यामुळे. अमेरिकेतील थॉमस होम्स व रिचर्ड राहे यांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ घटनांची गुणांकित यादी प्रसिद्ध केली. तीत कामाच्या जबाबदारीतील बदलास २९, कामाच्या वेळा वा परिस्थितीतील बदलास २०, तर विवाहासारख्या आनंदाच्या घटनेसही ५० गुण आहेत. बदल सुखाचा असो वा त्रासाचा, जुळवून घेण्याचे श्रम पडतातच आणि ते साठत जातात, हे त्यामागील सूत्र.

हा भार ओळखावा कसा? एरवी नेटक्या असणाऱ्या नोंदी अपुऱ्या राहू लागतात. पाळी बदलताना एखादी सूचना सांगायची राहून जाते. नव्या संगणकाशेजारी जुनी वही गुपचूप चालू राहते. बैठकीत प्रश्न विचारणारे गप्प होतात. चिडचिड, डोकेदुखी, निद्रानाश व रजा वाढतात. यास आळस किंवा विरोध समजणे अन्यायाचे होईल. शिवाय त्याची झळ शेवटी रुग्णाला लागते. औषधाची एक मात्रा चुकण्यास क्षणभराचे दुर्लक्षही पुरते.

उपाय खर्चिक नाहीत. सर्व विभागांतील नियोजित बदलांची एकच यादी ठेवावी व कोणत्या कक्षावर एकाच महिन्यात किती बदल येतात, ते पाहावे. कायद्याने बंधनकारक बदल आधी घ्यावेत. इतरांना थांबता येते. नवी पद्धत सुरू करताना जुनी कोणत्या तारखेस बंद होणार, हे स्पष्ट सांगावे. प्रशिक्षण कामाच्या वेळेतच, रात्रपाळीसही मिळावे. पाळीच्या वेळा बदलण्यापूर्वी विचारणा व्हावी. सफाळे, पालघर वा बोईसरहून येणाऱ्यांना विरारपलीकडे गाड्या कमी असल्याने अर्ध्या तासाचा फरकही जड जातो. झालेली चूक निर्भयपणे सांगता यावी. त्रास दीर्घकाळ टिकल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा; २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

दात्यांस आमची नम्र विनंती अशी, की यंत्र देताना ते शिकण्यास लागणारा वेळही देणगीचाच भाग मानावा. विश्वस्तांनी नव्या ठरावास मंजुरी देण्यापूर्वी आधीचा बदल रुळला आहे का, हे विचारावे. आणि रुग्णाच्या आप्तांनी, परिचारिका एखादी नोंद पुन्हा तपासत असेल तर तेवढा धीर धरावा. ती काळजी आपल्याच माणसासाठी असते.