केळीच्या खताचें गणित

तापीकांठच्या रावेर, यावल किंवा शिरपूर भागांतील विद्यार्थी शाळेंत रसायनशास्त्र शिकूं लागतो, तेव्हां समीकरणांतील आंकडे त्याला केवळ परीक्षेपुरते वाटतात. वस्तुतः घरच्या केळीच्या बागेचा खर्च याच आंकड्यांवर अवलंबून असतो. महाराष्ट्रांत केळीच्या प्रत्येक झाडास हप्त्याहप्त्यानें एकूण २०० ग्रॅम नायट्रोजन, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश देण्याची शिफारस केली जाते. आतां २०० ग्रॅम नायट्रोजन म्हणजे २०० ग्रॅम युरिया काय? असें जो समजेल, त्याच्या झाडास निम्म्याहूनहि कमी नायट्रोजन मिळेल.

याचें कारण रेणूच्या रचनेंत आहे. युरियाच्या एका रेणूंत कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणु असतात. त्यांचे अणुभार अनुक्रमें १२, १६, १४ आणि १ होत. म्हणून युरियाचा रेणुभार १२ + १६ + २८ + ४, म्हणजे ६० होतो. या ६० भागांपैकीं नायट्रोजनचे भाग २८. अर्थात् शेंकडा सुमारें ४६.७. पोत्यावर ४६ हा आंकडा छापलेला असतो, तो यामुळेंच. २०० ग्रॅम नायट्रोजनसाठीं २०० ला ४६ नें भागून १०० नें गुणिलें, कीं ४३५ ग्रॅम युरिया हें उत्तर येतें. दीड मीटर अंतरानें लावलेल्या एका हेक्टरांत ४,४४४ झाडें बसतात. त्यांस सुमारें १,९३३ किलो, म्हणजे ४५ किलोचीं ४३ पोतीं लागतील.

अमोनियम सल्फेटच्या रेणूंतहि नायट्रोजनचे दोनच अणु असतात. परंतु त्याचा रेणुभार १३२ असल्यामुळें नायट्रोजनचें प्रमाण शेंकडा २१ च्या आसपास उतरतें. अणूंची संख्या तीच, पण ओझें दुपटीहून अधिक! ज्वारीचे हजार दाणे आणि सरकीचे हजार दाणे संख्येनें सारखे असले, तरी तराजूंत सारखे उतरत नाहींत; तसाच हा प्रकार आहे.

अणु-रेणु मोजून घेणें कोणासहि शक्य नाहीं. म्हणून रसायनशास्त्र ते तोलून मोजतें. रेणुभाराइतके ग्रॅम पदार्थ घेतला, म्हणजे त्यांत रेणूंची एक ठराविक संख्या येते. तिला मोल म्हणतात. ६० ग्रॅम युरियांत जितके रेणु, तितकेच १८ ग्रॅम पाण्यांत. ही संख्या म्हणजे सुमारें ६०२२ वर वीस शून्यें. समान तापमानास व दाबास वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, असें १८११ सालीं प्रतिपादणाऱ्या अ‍ॅव्होगाड्रो या इटालियन शास्त्रज्ञाचें नांव या संख्येस दिलेलें आहे.

शेतांत पडलेल्या युरियाच्या एका रेणूवर पाण्याच्या एका रेणूची क्रिया होऊन अमोनियाचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणु तयार होतो. वजनें मांडलीं, तर ६० आणि १८ मिळून ७८. उलट बाजूस ३४ आणि ४४ मिळून ७८. रासायनिक क्रियेंत एकूण वजन कायम राहतें, हें तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए यानें १७८९ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें. या हिशेबानें शुद्ध युरियाच्या ४३५ ग्रॅमांतून सुमारें २४६ ग्रॅम अमोनिया निर्माण होतो.

परंतु अमोनिया हा वायु आहे. खानदेशांतील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीच्या पृष्ठभागावर युरिया नुसता फेंकून ठेवला, तर त्याचा कांहीं भाग हवेंत उडून जातो. म्हणून खत मातीआड करून लगेच पाणी देणें हितावह असतें. समीकरणाचा तोल त्यामुळें बिघडत नाहीं. बिघडतो तो शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब. द्रव्याचा नाश होत नाहीं हें खरें. पण नाश न पावलेलें द्रव्य बागेंतच राहील, अशी हमी समीकरण देत नाहीं. ती दक्षता बाग करणाऱ्यानेंच घ्यावयाची असते.