आजीचं प्रभुभोजन

रविवारी चर्चची पहिली घंटा झाली, की आजी घराबाहेर पडलेली असायची. धुवट नऊवारी, डोईवर घट्ट पदर, काखेत पवित्र शास्त्र आणि 'उपासना संगीत'. पाऊस असो, ज्वारीची काढणी असो, नाहीतर घरात पाहुणे असोत. "पाव्हण्यांनाबी चला म्हणावं देवळात," एवढंच तिचं उत्तर.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं, म्हणजे नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. इथं अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. आमच्याकडे नाताळ म्हणजे करंज्या आणि शंकरपाळे, आणि भक्ती म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, टाळ-मृदंगावर म्हटलेली. आजी चौथी शिकलेली, पण भजनं तोंडपाठ. हंगामाच्या सणाला शेतातलं पहिलं पीक ती चर्चमध्ये न्यायची आणि लिलावात भाव चढेपर्यंत तिथून हलायची नाही. "देवाचा भोपळा आहे, दोन रुपयांत नेता का?" म्हणून भल्याभल्यांना गप्प करायची.

गावात कुणीही बाळंत झालं, मग ते घर कुठल्याही जातीधर्माचं असो, डिंकाचे लाडू आजीच्या हातचे जायचे. फक्त एकीला ते कधी गेले नाहीत. तिच्या पोटच्या लेकीला.

माझी आत्या नर्स होती, पुण्यात नोकरीला. १९७८ मध्ये तिनं दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. पत्र आलं त्या दिवशी आजी एवढंच म्हणाली, "आपल्याला ती लेक नाही." आत्याची दोन्ही बाळंतपणं सासरीच झाली. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. गंमत म्हणजे, आजीच्या सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीनं त्यांच्याशी रोटीबेटी तोडली होती. ते दुःख आजी आम्हाला शंभरदा सांगायची. पण आपणही तेच करतोय, हे तिच्या लक्षात येत नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले घेऊन ताट रांगेतून फिरायचं. मी आजीला चिकटून बसायची, म्हणून मला दिसायचं. ताट आलं की आजी ते हळूच पुढे सरकवायची. स्वतः काही घ्यायची नाही. एकदा मी विचारलंच. ती म्हणाली, "ज्याच्या मनात कुणाबद्दल अढी हाय, त्यानं हे घ्यायचं नसतं."

नऊ वर्षं! दर रविवारी पुढच्या रांगेत बसणारी माझी आजी नऊ वर्षं प्रभुभोजनाविना उठत होती. तिला सगळं कळत होतं. लोकांना फसवणं सोपं होतं, एक तुकडा तोंडात टाकला की झालं. पण देवाशी खोटं वागणं तिला जमत नव्हतं, आणि लेकीला माफ करणंही.

१९८७ मध्ये तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शाळेच्या लायब्ररीतून मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आणलं आणि रात्री तिला वाचून दाखवू लागले. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाईंची आणि त्यांची ताटातूट झाली. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परत गेल्या, तेव्हा स्वतः ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. तिथं आजीनं मला थांबवलं. "म्हंजे धर्म निराळा, तरी एका घरात नांदले?"

"हो."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दिवा मालव."

दोन दिवसांनी तिनं डिंक आणायला लावला. "कोण बाळंत झालंय?" आईनं विचारलं. "झाली व्हती. उशीर झाला," आजी म्हणाली.

मी तिच्यासोबत एसटीनं पुण्याला गेले. आत्यानं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. आजीनं लाडवांचा डबा पुढे केला. मागून आत्याचे यजमान आले. आजीनं पदर सावरला आणि आमच्या रिवाजाप्रमाणे म्हणाली, "सलाम, जावईबापू." आत्याचा थोरला तेव्हा सात वर्षांचा होता. त्यानं विचारलं, "आई, ह्या कोण?" तो प्रश्न आजीला फार लागला. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून रडत होती.

पुढच्या महिन्यात ताट आलं. आजीनं थरथरत्या हातानं पेला उचलला.

आजी १९९९ मध्ये गेली. मातीला आत्या आणि जावई सर्वांत पुढे होते. लोक म्हणाले, केवढी भक्तीण बाई! खरंच होती. पण शेवटच्या आजारपणात ती मला जे म्हणाली, ते मी कधी विसरले नाही: "पोरी, देवानं माफ केलं असंल. पण नातवाचं रांगणं काही मला परत दिसलं नाही."

मैत्रिणींनो, आपल्याही घरात असं एखादं न घेतलं जाणारं नाव असतं. डिंक आणायला उशीर करू नका.