चैत्रात सवयी बदलताना: उन्हाळ्याआधी शरीराला कसे तयार करावे?

गुढीपाडवा जवळ आला की अनेक घरांत नव्या वर्षाचे संकल्प होतात. कुणाला वजन कमी करायचे असते, कुणाला रोज चालायला जायचे असते, कुणाला गोड सोडायचे असते. संकल्प करायला हा दिवस चांगला आहे. मात्र आपल्या हवामानाचा विचार केला नाही तर चांगली सवयही त्रासदायक ठरू शकते.

थंड देशांत वसंत म्हणजे बर्फ वितळून हवा उबदार होण्याचे दिवस. आपल्याकडे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने, आणि महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत तेच सर्वांत तापलेले असतात. विदर्भात आणि मराठवाड्यात एप्रिलमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. कोकणात तापमान त्यापेक्षा कमी असले, तरी दमट हवेमुळे घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. म्हणजे धोका फक्त नागपूर-चंद्रपूरला आहे, असे समजू नये.

म्हणूनच चैत्रातला सर्वांत उपयोगी संकल्प म्हणजे शरीराला उन्हाळ्यासाठी हळूहळू तयार करणे. घरात रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेली व्यक्ती असेल, तर हे अधिकच महत्त्वाचे आहे.

शरीराला उन्हाची सवय कशी लागते?

शरीर उष्णतेशी जुळवून घेऊ शकते, पण त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते आणि हृदयावरचा ताण उतरतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या लाटा जास्त त्रास देतात, याचे हे एक कारण आहे.

साठीनंतर घाम येण्याची क्षमता कमी होते आणि तहानही कमी लागते. त्यामुळे "मला तहानच नाही" असे आजी-आजोबा म्हणाले, तरी त्यांच्या शरीराला पाण्याची गरज नाही असा अर्थ होत नाही.

चालणे: वेळ बदला, सवय सोडू नका

प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला जातो. रोज ३० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस भरभर चालले की तो पूर्ण होतो.

• नव्याने सुरुवात करत असाल तर पहिल्या आठवड्यात १० मिनिटेच चाला. दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवा.
• सकाळी ऊन चढण्याआधी किंवा सूर्यास्तानंतर चाला. दुपारी १२ ते ४ या वेळेत कष्टाचे काम टाळा.
• चालताना बोलता आले पाहिजे. धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा.
• इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी लांब चालू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा.
• छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणे, चक्कर यांपैकी काही झाले तर तिथेच थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या.

पाणी किती प्यावे?

सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. शेतात काम करणारा माणूस आणि घरात बसून काम करणारा माणूस यांची गरज वेगळी असते. सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग. तो फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद पिवळा असेल आणि लघवी कमी होत असेल, तर पाणी कमी पडते आहे.

हृदय निकामी होण्याचा आजार असलेल्या, डायलिसिसवर असलेल्या किंवा डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेल्या रुग्णांनी मात्र स्वतःहून पाणी वाढवू नये. उन्हाळ्यात किती प्यायचे, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

जुलाब-उलट्या झाल्यास ओआरएस उपयोगी आहे. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ते विरघळवा. कमी पाण्यात केलेले दाट मिश्रण, विशेषतः लहान मुलांना, अपायकारक ठरू शकते.

ऋतूतले पदार्थ: काय जपून खावे?

पन्हे, ताक, कैरीची डाळ, काकडी, कलिंगड हे या दिवसांतले चांगले पदार्थ आहेत. अडचण येते ती त्यांतल्या साखरेमुळे आणि मिठामुळे.

• उसाच्या रसाच्या एका ग्लासात पाच-सहा चमचे साखर सहज असते. मधुमेह असेल तर तो टाळावा.
• पन्ह्यात गूळ घातला म्हणून ते मधुमेहींसाठी सुरक्षित होत नाही. गुळानेही रक्तातील साखर वाढते.
• आंबा पूर्ण वर्ज्य करण्याची गरज बहुतेकांना नसते. साखर नियंत्रणात असेल तर वाटीभर आमरसाऐवजी दोन-तीन फोडी खा आणि त्या जेवणातली पोळी किंवा भात कमी करा.
• याच दिवसांत घरोघरी पापड, कुरडया, सांडगे आणि लोणची होतात. प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे. लोणचे आणि पापड एकाच जेवणात घेतले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. रक्तदाब असेल तर दोन्हींपैकी एकच घ्या, तेही थोडे.

कडुनिंब आणि "शरीरशुद्धी"

पाडव्याला कडुनिंबाची पाने गूळ आणि जिऱ्यासोबत खाण्याची प्रथा आहे. एवढ्या थोड्या प्रमाणात ती खायला हरकत नाही. पण महिनाभर रोज कडुनिंबाचा रस प्यायल्याने रक्त "शुद्ध" होते आणि मधुमेहाची गोळी बंद करता येते, असे संदेश फिरत असतात. त्यावर विसंबू नका. शरीरातील टाकाऊ घटक बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रोज करतच असतात. गोळीसोबत असा रस नियमित घेतल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. गर्भवतींनी हा रस घेऊ नये, आणि बाळांना कडुनिंबाचे तेल कधीही पाजू नये.

उन्हाळ्याआधी औषधांची एक तपासणी

हे काम बहुतेक घरांत राहून जाते. उष्णतेत रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. त्यामुळे हिवाळ्यात योग्य असलेला गोळीचा डोस उन्हाळ्यात काहींना जास्त होतो. पलंगावरून उठताना अंधारी येणे ही त्याची खूण असू शकते. वृद्धांमध्ये अशाच वेळी पडून खुब्याचे हाड मोडते.

• मार्चमध्येच डॉक्टरांना भेटून सगळ्या गोळ्या दाखवा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाची काही नवी औषधे आणि मानसिक आजारावरील काही औषधे यांबद्दल खास विचारा.
• डोस स्वतःहून कमी करू नका किंवा गोळी बंद करू नका.
• जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते विचारा.
• अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात.
• इन्सुलिन गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. फ्रिज नसेल तर बाटली कोरड्या पिशवीत घालून ओल्या वाळूत किंवा पाण्यात ठेवलेल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवा. पिशवीत पाणी जाऊ देऊ नका.

कोणती लक्षणे दिसली तर थांबू नये?

खूप घाम, थकवा, डोकेदुखी, पायांत गोळे येणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. सावलीत या, कपडे सैल करा, पाणी किंवा ओआरएस घ्या. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर डॉक्टरांकडे जा.

रुग्ण असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, बेशुद्ध पडला किंवा झटके आले, आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजा. १०८ क्रमांकावर फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. मान, काखा आणि जांघांत गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगी पडत नाही. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नका.

सुरुवात कुठून करावी?

सगळे एकदम बदलायला गेले की आठवडाभरात सुटते. म्हणून या पाडव्याला फक्त दोन गोष्टी ठरवा. पहिली, एक छोटी सवय रोजच्या एखाद्या कामाला जोडा. सकाळच्या चहाआधी ग्लासभर पाणी पिणे किंवा संध्याकाळी दिवा लावल्यावर दहा मिनिटे चालणे, असे काहीही चालेल. नवी सवय अंगवळणी पडायला बहुतेकांना काही आठवडे ते काही महिने लागतात. तेव्हा एखादा दिवस चुकला म्हणून ती सोडू नका. पाडव्याला सुरू केलेली सवय पहिला पाऊस येईपर्यंत टिकली, तर ती पुढेही टिकण्याची शक्यता चांगली असते.

दुसरी गोष्ट, घरातील ज्येष्ठांच्या गोळ्यांची यादी करा आणि या महिन्यातच डॉक्टरांची वेळ घ्या. ऊन तापल्यावर ते काम पुढे ढकलले जाते, आणि गरज तर तेव्हाच सर्वांत जास्त असते.