बैलाचा खांदा

मराठी वास्तववादी चित्रकलेचा आढावा घ्यायचा म्हटलं की पेस्तनजी, धुरंधर, हळदणकर अशी माळ ओढायची रीत आहे. माळ मलाही पाठ आहे. मी जालन्याचा, त्यामुळे माझी नजर आधी जनावराकडे जाते. आपल्या निसर्गचित्रांत ते बहुधा झाडाखालची रिकामी जागा भरायला उभं केलेलं असतं.

खरं तर तैलरंग आमच्या बाजूला फार लवकर आला. रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्यानं १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला तेलातच केल्या. त्यातल्या बऱ्याचशा १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. पण पहिल्या लेण्यात एका स्तंभाच्या माथ्यावर झुंजणारे दोन बैल आहेत, ते अजून जागेवर आहेत. भोकरदनहून एसटीनं जाऊन मी ते कितीदा तरी पाहिले. सगळा जोर मानेतून खांद्यात उतरलेला.

युरोपात पॉल्युस पॉटर नावाच्या विशीतल्या पोरानं १६४७ मध्ये जवळजवळ खऱ्या मापाचा बैल रंगवला, भोवती घोंगावणाऱ्या माश्यांसकट. आमच्याकडे तो मान राजेरजवाड्यांना आणि शेठजींना मिळाला. देवणी किंवा लाल कंधारी बैल कुणाला बसवून काढावंसं वाटलं नाही.

‘वास्तववादी चित्र म्हणजे फोटोचंच काम,’ असं आमचे काही समीक्षक मित्र म्हणतात. त्यांनी भर दुपारी काळ्या रानात पांढरा बैल रंगवून पाहावा. पाठीवर ऊन, पण पोटाखाली मातीचा उजेड उलटून येतो, तपकिरी, किंचित जांभळट. तिथं पांढऱ्यात काळा कालवला की बैल सिमेंटचा होतो. मी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन घेतो, वर पिवळ्या गेरूचा जरासा हात. गळ्याखालची पोळी कडक रेषेत काढायची नाही, ती हलली पाहिजे.

तरुणपणी दुधनेच्या काठी असा एक बैल रंगवत होतो. वशिंडाची गोलाई जमली म्हणून खुशीत होतो. बैलवाला मागं येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘चित्र झ्याक हाय, पण ह्यो कामाचा नाय. जूचा घट्टा कुठंय?’ मग माझा हात धरून त्यानं बैलाच्या खांद्यावर ठेवला. कातडं टाचेसारखं कडक, केस झडलेले. त्या हाताएवढ्या जागेसाठी मी आणखी तीन दिवस तिथं जात होतो.

आता पोरं मोबाईलवरून काढतात. जवळून टिपलेल्या फोटोत डोकं फुगतं, मागचे पाय आखूड होतात, आणि तेच इमानेइतबारे कॅनव्हासवर उतरतं. रानात ट्रॅक्टर आहे, त्याला पोरं तरी काय करणार! गेल्या साली एका प्रदर्शनात पोळ्याची जोडी पाहिली. झूल, घुंगुरमाळ, शिंगांच्या पितळी शेंब्या, सगळं बारकाईनं काढलेलं. खांदे मात्र गुळगुळीत.