तेरच्या पांढरीतली दौलत

इसवी सनाच्या पहिल्या शतकात भडोचच्या बंदरावर लागणाऱ्या परदेशी जहाजांत थोडा माल असा असे की तो बाजारात मांडला जात नसे. तो राजासाठी असे. चांदीची मौल्यवान भांडी, उंची मद्य, तलम वस्त्रं, निवडक सुगंधी लेप. याच यादीत गाणारी मुलं आणि अंतःपुरासाठी देखण्या मुलीही आहेत. भांड्यांच्या आणि मद्याच्या ओळीत माणसं मोजलेली वाचताना आजही मन थबकतं. ही यादी 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या छोट्या ग्रीक पुस्तकात आहे. लिहिणाऱ्याचं नाव काळाने पुसलं, पण तो इजिप्तमधून हिंदी महासागरात ये-जा करणारा मुरलेला व्यापारी असावा. कुठल्या बंदरात काय खपतं, कुठे काय स्वस्त मिळतं आणि कुठल्या राजाला काय दिलं की खूश होतो, हे त्याने जपून टिपलं.

त्याच पुस्तकात थोडं पुढे मराठी वाचकाला ओळखीची वाट लागते. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या मजलीवर पैठण आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, 'फार मोठं शहर'. पैठणहून अकीक जायचा, तगरहून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि आणखीही माल. हे सगळं गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून बंदराकडे निघायचं. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, तेरणा नदीकाठचं, गोरोबाकाकांचं.

हे ओळखायलाही बराच काळ लागला. कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. त्यांची सत्ता होती समुद्राकडे आणि पंचगंगेकाठी, पण बिरुदात मान तगरचा. म्हणजे बाराव्या शतकापर्यंत त्या नावाला वजन होतं. पुढे गाव राहिलं आणि ओळख गेली. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी तगर कधी दौलताबादला नेलं, कधी जुन्नरला, कधी धारूरला. अखेर 1901 साली जॉन फेथफुल फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरच, असं मांडलं. पाठोपाठ पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी गावातल्या जुन्या वास्तूंची नोंद केली. आज ज्यात त्रिविक्रमाची पूजा होते ते विटांचं देऊळ मुळात बौद्ध चैत्य होतं, हे तेव्हा लिहून ठेवलं गेलं.

पण शहराची खरी साक्ष जमिनीत होती. मराठवाड्यात जमीन दोन रंगांत ओळखली जाते. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षं एकाच जागी माणसं राहिली, घरं पडली, त्यावर पुन्हा उभी राहिली. राख, शेण, मातीच्या भिंती, फुटकी मडकी यांचे थरावर थर चढले की ती पांढर तयार होते. माळवदाच्या घरांवर घालायला हीच माती लागते, म्हणून गावोगावच्या जुन्या पांढरी पिढ्यान्‌पिढ्या खणल्या गेल्या. पाऊस झाला की अशा टेकडीच्या उतारावरून माती वाहून जाते आणि मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी उघडी पडतात. कोणी उचललं तर उचललं, नाहीतर पुढच्या सरीबरोबर ते ओढ्यात.

तेरमध्ये ते उचलणारा माणूस होता. रामलिंगप्पा लामतुरे. ते पेशाने व्यापारी, पुरातत्त्वाचं कुठलंही शिक्षण नाही. गावाच्या टेकड्यांवर, शेतात, घराच्या पायात जे निघेल ते त्यांनी जमवायला सुरुवात केली आणि आयुष्यभर जमवत राहिले. सातवाहनांची नाणी, मातीच्या मूर्ती, दिवे, खेळणी, काचेचे आणि दगडाचे मणी, हाडाच्या आणि हस्तिदंताच्या वस्तू. संख्या वीस हजारांच्या वर गेली. ज्याला लोक फुटकी खापरं म्हणत त्यात शहर दिसणं, ही नजर कुठल्या शाळेत मिळत नाही. 1958 मध्ये बा. ना. चापेकरांनी इथे शास्त्रीय उत्खनन केलं, 1960 मध्ये ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांचं 'तेर' नावाचंच पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झालं. जगाचं लक्ष या गावाकडे वळवण्यात लामतुऱ्यांच्या संग्रहाचा वाटा मोठा आहे.

त्या संग्रहातली सर्वांत नावाजलेली वस्तू तळहातावर मावेल अशी आहे. हस्तिदंतात कोरलेली एक स्त्री. अंगावर दागिन्यांचा भार, कमरेला पदरापदरांची मेखला, उभं राहण्यात सहज डौल. हिची बहीण शोभेल अशी दुसरी मूर्ती 1938 मध्ये इटलीत पाँपेईच्या एका घरात सापडली. ती सुमारे 25 सेंटीमीटर उंच आहे, दोन्ही बाजूंना दासी आहेत, आणि आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पाँपेई गाडलं गेलं इसवी सन 79 मध्ये, म्हणजे मूर्ती त्याआधीच भारतातून तिथे पोहोचली होती. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही याच वळणाची हस्तिदंती मूर्ती मिळाली. त्यामुळे पाँपेईची ती मूर्ती दख्खनच्याच कुठल्या तरी कारागिराच्या हातची असावी, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. एखाद्या श्रीमंत रोमन घरातला आरसा किंवा तिपाई ती सजवत असेल. पण असा निष्कर्ष काढता येतो तो एकाच कारणाने: तेरची मूर्ती तेरला सापडली, हे माहीत आहे.

दुर्मिळ वस्तू जमवणाऱ्यांच्या जगात याच माहितीला सोन्याचं मोल असतं. आजच्या काळातलं राजेशाही भेटीचं उदाहरण पाहायचं तर घड्याळांचं आहे. ओमानचे सुलतान काबूस 1970 मध्ये गादीवर आले. त्यांच्या दरबारासाठी रोलेक्ससारख्या स्विस कंपन्यांची घड्याळं घेतली जात आणि त्यांतल्या काहींच्या डायलवर ओमानचं राजचिन्ह, म्हणजे खंजीर, उमटवलेलं असे. ती घड्याळं सेवेची पावती म्हणून अधिकाऱ्यांना, सैनिकांना, पाहुण्यांना भेट मिळत. आज लिलावात तेच मॉडेल, त्याच सालचं, पण डायलवर तो इवलासा खंजीर असला तर किंमत कितीतरी पटींनी चढते. आतलं यंत्र तेच, पोलाद तेच. मग लबाडीही आलीच. साध्या डायलवर मागाहून खंजीर छापला जातो. म्हणून जाणता ग्राहक घड्याळाआधी कागद मागतो. कुणाला मिळालं, कधी मिळालं, पत्र आहे का, मधल्या काळात ते कुणाकडे होतं?

मण्याला पत्र नसतं. त्याचं पत्र म्हणजे ती जमीन. मुंबई-दिल्लीच्या एखाद्या दुकानाच्या काचेत ठेवलेला सातवाहनकालीन मणी सुंदर दिसेल, पण तो कुठून आला हे विकणाऱ्याने सांगितलं नाही, किंवा मुद्दाम लपवलं, तर त्याची वाचा गेली. भारतात 1878 च्या निखात निधी कायद्यापासून जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे आणि 1972 च्या कायद्याने खाजगी व्यक्तीला पुराणवस्तू देशाबाहेर नेता येत नाही. कायदे आहेत, तरी पांढरी उपसल्या जातात. एका गावातल्या माणसाने आपल्या गावातलं गावातच सांभाळलं, हे म्हणूनच फार मोठं काम आहे. लामतुऱ्यांचा संग्रह फुटकळ विकला गेला असता तर वेगवेगळ्या कपाटांत वीस हजार मुक्या वस्तू पडल्या असत्या. तो शासनाकडे गेला, तेरमध्येच राहिला. लामतुऱ्यांच्याच नावाने तिथे शासकीय पुराणवस्तू संग्रहालय उभं आहे.

तिथे गेल्यावर पाय हस्तिदंताकडे ओढतात, ते साहजिक आहे. पण थोडा वेळ मातीच्या वस्तूंपाशीही थांबावं. केओलिन नावाच्या बारीक पांढऱ्या मातीच्या मूर्ती पाहाव्यात. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा. दोन्हींत माती दाबायची, अर्धे भाग जोडायचे, आतून मूर्ती पोकळ. कडेला बोट फिरवता आलं तर जोड कळेल, इतकं ते काम हाताचं आहे. हे तंत्र रोमन जगाकडून आलं असावं, असं मत आहे. शिकलेला कुंभार मात्र इथलाच. केसांची ठेवण, कानातली कुंडलं, गालांची गोलाई, सगळं या मुलखाचं.

तेरचं आणि कुंभाराचं नातं मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. गोरोबाकाकांनी मडकं थापटावं तशी संतमंडळींची डोकी थापटून पाहिली आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा घरोघरी ऐकलेली असते. त्या कथेच्या हजाराहून अधिक वर्षं आधीही याच गावात माती मळली जात होती, भाजली जात होती, वाजवून घेतली जात होती.

त्याच मातीत घडलेली एक छोटी चकती इथे भेटते. रुपयाएवढी. रोमन नाण्याची मातीतली नक्कल. सम्राट टायबेरियसच्या नाण्यांवरून अशा चकत्या दख्खनात ठिकठिकाणी केल्या जात; साच्यात माती दाबली की सम्राटाचं मुंडकं उमटायचं. वर ओवायला भोक किंवा कडी. म्हणजे हे नाणं चालवायला नव्हतंच, गळ्यात घालायला होतं. रोमचं सोनं-चांदी ज्यांच्या हाती पडत असे ते राजे आणि सावकार. त्यांच्या गळ्यातला डौल पाहून तगरच्या एखाद्या घरातल्या बाईने किंवा पोराने कुंभाराकडून हा मातीचा घेतला असेल.

भडोचला उतरलेली राजाची चांदीची भांडी कधीच वितळली, मद्य संपलं, तलम वस्त्रं विरली. ही भाजलेली चकती राहिली. चैत्रात गोरोबाकाकांची यात्रा भरते तेव्हा तेरणेच्या काठी माळा-मण्यांची दुकानं लागतात, लेकराबाळांच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली पदकं दिसतात. संग्रहालयातल्या काचेमागच्या चकतीच्या भोकातला दोरा तेवढा गेला आहे.